कांशाचीं माणसें
शिल्पकार आल्बेर्तो जाकोमेत्ती याचें चरित्र व कार्य

पुतळा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें बहुधा घोड्यावर बसलेला एखादा वीर, अथवा हातांत ग्रंथ घेऊन उभा असलेला एखादा थोर पुरुष येतो. अंग भरदार, मुद्रा तेजस्वी, वस्त्राच्या चुण्या जशाच्या तशा. जवळ जाऊन पाहिलें तर आतां बोलेल असें वाटावें, अशी मूर्ति आपण चांगली समजतों. ही समजूत मनांत बाळगून जो मनुष्य आल्बेर्तो जाकोमेत्ती या शिल्पकाराच्या कांशाच्या मूर्तीपुढें प्रथम उभा राहील, तो चकित झाल्यावांचून राहणार नाहीं. काठीसारखे हातपाय, मुठीएवढें डोकें, जमिनीला चिकटून राहिलेलीं जड पावलें, आणि अंगावर सर्वत्र बोटांचे व चाकूचे खडबडीत ठसे! "ही मूर्ति अर्ध्यावरच सोडून दिली काय?" असा प्रश्न त्याच्या तोंडून सहज निघेल. तथापि विसाव्या शतकांतील शिल्पकलेंत याच मूर्तींना फार वरचें स्थान मिळालें आहे. असें कां झालें हें समजण्यासाठीं प्रथम त्या कलावंताचें चरित्र, मग त्याची कामाची रीत, आणि शेवटीं त्याच्या मूर्तींचा अर्थ, या क्रमानें आपण विचार करूं.

बालपण व शिक्षण

स्वित्झर्लंडच्या आग्नेय भागांत, इटलीच्या सरहद्दीस लागून, ब्रेगाल्या नांवाचें एक अरुंद खोरें आहे. दोहों बाजूंस उंच कडे उभे असल्यामुळें हिवाळ्यांत कित्येक आठवडे ऊन खोऱ्याच्या तळाशीं पोंचतच नाहीं. तेथील लोकांची भाषा इटालियन व पंथ प्रॉटेस्टंट. या खोऱ्यांतील बोर्गोनोवो नांवाच्या खेड्यांत १० ऑक्टोबर १९०१ रोजीं आल्बेर्तोचा जन्म झाला. पुढें हें कुटुंब जवळच्याच स्टांपा या गांवीं राहूं लागलें. वडील जोवान्नी हे नामांकित चित्रकार होते. आई आनेत्ता ही करारी व प्रेमळ बाई होती. आल्बेर्तोच्या पाठीवर दिएगो, ओत्तिल्या व ब्रूनो अशीं तीन भावंडें झालीं. यांपैकीं दिएगोचें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. कारण आल्बेर्तोच्या कार्याचा विचार त्याच्यावांचून पुरा होत नाहीं.

घरांत रंग, कागद व पुस्तकें यांस तोटा नव्हता. वडिलांच्या चित्रशाळेंत मुलगा तासन् तास बसे. गांवाबाहेर एक प्रचंड खडक होता व त्याच्या पोटाशीं एक गुहा होती. तींत दडून बसणें हें त्याचें परम सुख. जवळच दुसरा एक काळा खडक होता, त्याचें मात्र त्याला विलक्षण भय वाटे. या दोन दगडांची आठवण त्यानें १९३३ सालीं, म्हणजे मोठेपणीं, लिहून ठेविली आहे. निर्जीव वस्तूंतही कोणी तरी वसत असावें असें ज्यास लहानपणीं वाटलें, त्यानें पुढें शिल्पकार व्हावें यांत नवल नाहीं. १९१४ च्या सुमारास, वयाच्या तेराव्या वर्षीं, त्यानें पहिलें मस्तक घडविलें. समोर बसविला होता तो धाकटा भाऊ दिएगोच.

१९१५ सालीं त्याला शीर्स येथील इव्हँजेलिकल विद्यालयांत वसतिगृहांत ठेवण्यांत आलें. तेथें तो सोबत्यांचीं चित्रें काढी व त्या कौशल्यामुळें सर्वांस ठाऊक झाला. १९१९ सालीं त्यानें शाळा सोडली. याच सुमारास घडलेली एक गोष्ट त्याच्या सर्व आयुष्याची किल्ली आहे. वडिलांच्या चित्रशाळेंत मेजावर ठेवलेल्या नासपतीच्या फळांचें तो चित्र काढीत होता. फळें कागदावर उतरलीं तीं अगदीं इवलींशीं. वडील म्हणाले, जशीं आहेत तशीं काढ. मुलानें तीं पुसून पुन्हां काढलीं. पुन्हां तितकींच लहान झालीं. वडिलांना फळें हातांत घेतल्यावर जेवढीं असतात तेवढीं दिसत होतीं; मुलाला आपल्या बसण्याच्या जागेवरून, मध्यें जेवढें अंतर होतें त्या अंतरासह, तीं दिसत होतीं. आपणांस एखादी वस्तु ठाऊक असते ती वेगळी आणि डोळ्यांना दिसते ती वेगळी, हा भेद त्याला त्या दिवशीं भेटला, व त्यानें मरेपर्यंत त्याची पाठ सोडली नाहीं.

जिनीव्हा येथें कांहीं काळ शिकून तो १९२० सालीं इटलींत गेला. व्हेनिसमध्यें तिंतोरेत्तो व पादुआ येथें जोत्तो या जुन्या चित्रकारांच्या कृति पाहून तो भारावून गेला. परंतु त्याच दिवशीं सायंकाळीं पादुआच्या रस्त्यानें दोन तीन मुली पुढें चालत जातांना त्याला दिसल्या, आणि त्यांच्या त्या साध्या चालण्यापुढें ते सर्व थोर चित्रकार त्याला एकाएकीं फिके वाटूं लागले, असें त्यानें पुढें सांगितलें आहे. जिवंत माणसाचें रस्त्यानें चालणें हेंच सर्वांत मोठें आश्चर्य, ही भावना त्याच्या मनांत तेव्हांपासूनची.

पॅरिस व अतिवास्तववाद

१९२२ सालच्या जानेवारींत आल्बेर्तो पॅरिसला आला व आंत्वान बूर्देल या विख्यात शिल्पकाराच्या वर्गांत शिकूं लागला. तेथें जिवंत नमुना समोर ठेवून काम करावयाचें असे. डोळ्याकडे लक्ष द्यावें तर नाक हातचें सुटे. नाक साधावें तर सबंध मस्तक बिघडे. तीन वर्षें धडपड केल्यावर १९२५ च्या सुमारास त्यानें समोर नमुना ठेवून काम करणें सोडून दिलें व स्मृति आणि कल्पना यांच्या आधारें तो मूर्ति करूं लागला. आफ्रिकेंतील दान लोकांच्या लांकडी पळ्या पाहून त्यानें १९२६-२७ मध्यें "चमचा-स्त्री" ही मूर्ति घडविली. पळीच्या खोलगट भागाच्या ठिकाणीं स्त्रीचें उदर योजिलेलें हें शिल्प पुढें कांशांत ओतलें गेलें.

१ डिसेंबर १९२६ रोजीं त्यानें रु इपोलित-मँद्रों या गल्लींत ४६ क्रमांकाच्या जागेंत एक खोली घेतली. तिचें क्षेत्रफळ अवघें २३ चौरस मीटर. पुढें कीर्ति आली, पैसा आला. तरी त्यानें ती खोली अखेरपर्यंत सोडली नाहीं.

त्या काळीं पॅरिसमध्यें अतिवास्तववाद या नांवाची एक चळवळ जोरांत होती. आंद्रे ब्रतों या कवीनें १९२४ सालीं तिचा जाहीरनामा प्रसिद्ध केला होता. जागेपणीं आपण जें पाहतों व तर्कानें जें जुळवितों तेवढेंच सत्य नव्हे. स्वप्नांत, भ्रमांत, अकस्मात् सुचलेल्या कल्पनेंत मनाचा जो तळ उघडा पडतो तोही तितकाच खरा आहे, आणि कलेनें त्याला वाट करून द्यावी, असें या पंथाचें म्हणणें. माक्स अर्न्स्ट, होआन मिरो, साल्व्हादोर दाली हे चित्रकार या चळवळींत होते. १९३० सालीं जाकोमेत्तीचें "टांगलेला चेंडू" हें शिल्प प्रदर्शनांत मांडलें गेलें. एका पिंजऱ्यांत दोरीला खांच पाडलेला एक गोळा लोंबकळतो. खालीं चंद्रकोरीसारखा एक तुकडा आहे. गोळा त्याला अगदीं लागेल लागेल असें वाटतें, पण लागत नाहीं. पाहणाराचें मन त्या थोडक्या अंतरांत अडकून पडतें. ब्रतों व दाली यांना तें फार आवडलें आणि जाकोमेत्ती त्या मंडळींत सामील झाला.

त्यानंतरच्या चार पांच वर्षांत त्यानें ज्या कृति केल्या, त्या जणूं स्वप्नांतल्या वस्तु आहेत. १९३२ सालचा "पहाटे चार वाजतांचा राजवाडा" हा काटक्या, कांच, तार व दोरी यांचा आहे. त्याच्या उघड्या चौकटींत एक स्त्री उभी आहे, एके ठिकाणीं पाठीचा कणा लोंबत आहे व वर एका पक्ष्याचा सांगाडा उडत आहे. ही नाजूक कृति न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानें १९३६ सालीं घेतली. १९३४ सालीं त्यानें "अदृश्य वस्तु" ही मूर्ति केली. एक उंच तरुणी आसनावर अर्धवट टेकली आहे. तिचे दोन्ही हात छातीपुढें असे आहेत कीं जणूं कांहीं तरी जपून धरलें आहे. परंतु हातांच्या मध्यें कांहींच नाहीं. या मूर्तीच्या कांशाच्या प्रतीही पुढें निघाल्या. रिकाम्या जागेलाही आकार असतो, व न दिसणाऱ्या वस्तूभोंवतीं हात कसे वळतात, हें एवढ्या सोप्या रीतीनें क्वचितच कोणी दाखविलें असेल.

मंडळाचा त्याग

याच वेळीं त्याच्या आयुष्याला वळण देणारी घटना घडली. १९३३ च्या जूनमध्यें वडील वारले. त्यानंतर हळूहळू त्याला वाटूं लागलें कीं, स्वप्नें पुष्कळ झालीं, पण एका साध्या मनुष्याचें मस्तक अजून आपल्याला साधलेलें नाहीं. बूर्देलच्या वर्गांत जो प्रश्न सोडून तो निघून गेला होता, तो प्रश्न तेथेंच उभा होता. त्यानें पुन्हां समोर माणूस बसवून मस्तक करावयास प्रारंभ केला. अतिवास्तववादी मित्रांना ही माघार वाटली. मस्तकासारखा जुनापुराणा विषय, त्यांत शोधावयाचें तें काय, असा त्यांचा रोख होता. १९३५ च्या फेब्रुवारींत त्याला जाब विचारण्यांत आला आणि त्याचा मंडळाशीं संबंध तुटला. त्याबरोबर बहुतेक मित्रही गेले.

येथें विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबून विचार करावा. त्या मंडळांत त्याचें नांव होतें, कृतींना गिऱ्हाईक होतें, स्तुति करणारे लेखक होते. जो मार्ग त्यानें धरला त्यावर यांपैकीं कांहींच नव्हतें. जें आपणांस येत आहे तें करीत राहणें सोपें. जें येत नाहीं असें आपलें मन सांगतें, तेथें परत जाऊन पहिल्या धड्यापासून बसणें फार कठीण. त्याला वाटलें होतें कीं, पंधरवडाभर नमुन्यावरून अभ्यास केला म्हणजे काम भागेल. प्रत्यक्षांत १९३५ पासून १९४० पर्यंत तो रोज तेंच करीत राहिला. सकाळीं दिएगो समोर बसे. उदरनिर्वाहासाठीं दोघे भाऊ झां-मिशेल फ्रांक या सजावटकाराकरितां दिवे, फुलदाण्या वगैरे वस्तु बनवून देत. त्या वस्तूही जाकोमेत्ती मूर्तीइतक्याच काळजीनें घडवीत असे.

१९३८ च्या ऑक्टोबरांत एका रात्रीं पॅरिसमधील पिरॅमिड चौकांत एक मोटार त्याच्या अंगावर आली व त्याचें पाऊल मोडलें. तेव्हांपासून तो थोडा लंगडत चाले. इस्पितळांत असतांना औषधांच्या बाटल्यांनीं भरलेला, किणकिणत जाणारा एक चाकांचा गाडा त्याच्या नजरेंत भरला. त्याची गोष्ट पुढें येणारच आहे.

काड्यापेटींतल्या मूर्ति

आतां एक चमत्कारिक संकट उभें राहिलें. १९३७ सालीं एका रात्रीं त्यानें आपल्या ओळखीच्या एका स्त्रीला लांब रस्त्याच्या टोकाशीं उभी असलेली पाहिलें होतें. भोंवतीं उंच घरांचा काळोख व मध्यें ती लहानशी आकृति. ती जशी दिसली तशीच करावी असा त्याचा हट्ट. पण मूर्ति मोठी सुरू केली तरी खरी दिसावी म्हणून कोरतां कोरतां ती लहान लहान होत जाई, आणि शेवटीं बोटाएवढी, टांचणीएवढी होई. मग एखाद्या वेळीं चाकूचा शेवटचा स्पर्श होतांच तिचा चुरा होई. नासपतीच्या फळांचें कोडें पुन्हां त्याच्या पुढें आलें होतें.

दुसऱ्या महायुद्धांतील १९४२ पासून १९४५ पर्यंतचा काळ त्यानें जिनीव्हांत काढला. तेथें हॉटेलच्या एका लहानशा खोलींत हेंच काम चाले. युद्ध संपल्यावर १९४५ सालीं तो पॅरिसला परत आला, तेव्हां इतक्या वर्षांच्या श्रमाचें फळ म्हणून त्याच्या जवळ ज्या मूर्ति होत्या, त्या काड्यापेट्यांत मावल्या. इकडे दिएगोनें त्याची खोली व तींतील सर्व कामें युद्धकाळांत जशींच्या तशीं सांभाळून ठेविलीं होतीं.

नंतर त्यानें स्वतःस अट घातली कीं, मूर्तीची उंची कमी होऊं द्यावयाची नाहीं. उंची कायम राहिली, पण आतां मूर्ति रुंदीनें आटूं लागली. अशा रीतीनें त्या कृश, उंच आकृति जन्मास आल्या, ज्यांनीं त्याचें नांव जगभर केलें. हें नवें रूप त्यानें चमत्कार म्हणून योजलें नव्हतें. दिसतें तसें करण्याच्या आग्रहांतून तें आपोआप निपजलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

१९४८ च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें पिएर मातिस याच्या दालनांत या मूर्तींचें प्रदर्शन भरलें. त्यासाठीं तत्त्वज्ञ झां-पॉल सार्त्र यानें प्रस्तावनेदाखल निबंध लिहिला होता. या प्रदर्शनाकरितां केलेला "बोट दाखविणारा मनुष्य" (१९४७) सुमारें १७८ सेंटिमीटर उंच आहे. आपण तो एका रात्रींत, मध्यरात्रीपासून सकाळीं नऊ वाजेपर्यंत घडविला, व ओतकाम करणारे लोक न्यावयास आले तेव्हां प्लॅस्टर ओलेंच होतें, असें जाकोमेत्तीनें सांगितलें आहे. मात्र त्या एका रात्रीच्या मागें बारा वर्षांची तपश्चर्या उभी होती.

कांसें ओतण्याची रीत

कांसें हा तांबें व कथील यांचा मिश्रधातु होय. त्यांत तांब्याचा वांटा बराच मोठा असतो. वितळला असतां तो सांच्याच्या अगदीं बारीक भेगेंतही शिरतो, व थंड झाल्यावर कठीण आणि टिकाऊ होतो. म्हणूनच बोटाच्या ठशासारखी सूक्ष्म खूणही त्यांत उमटते. जाकोमेत्ती प्रथम लोखंडी सळ्या व तारा यांचा सांगाडा उभा करी व त्यावर माती अथवा प्लॅस्टर चढवी. नंतर अंगठ्यानें दाबून, चाकूनें खरवडून आकार काढी. संध्याकाळीं बरें वाटलेलें काम रात्रीं तो मोडून टाकी व दुसरे दिवशीं पुन्हां मांडी. पुरें झालेलें प्लॅस्टर ओतशाळेंत जाई. पॅरिसमधील रुदिए व स्यूस या प्रसिद्ध ओतशाळांनीं त्याच्या पुष्कळ मूर्ति ओतल्या.

ओतकामाच्या मुख्य रीति दोन. पहिलींत नमुन्याभोंवतीं बारीक वाळू घट्ट ठोकून तुकड्यातुकड्यांचा सांचा करितात व नमुना काढून घेऊन त्या पोकळींत तप्त रस ओततात. दुसरींत मेणाची प्रतिकृति करून तिच्याभोंवतीं मातीसारख्या द्रव्याचें वेष्टण देतात. भट्टींत तापविलें म्हणजे मेण वितळून निघून जातें व त्याची जागा धातु घेतो. ही दुसरी रीत आपल्या देशाला फार पुरातन काळापासून ठाऊक आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील "मानसोल्लास" या ग्रंथांत तिचें वर्णन असून तिला मधूच्छिष्टविधान म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. मूर्ति ओतून झाल्यावर कांशावर औषधें लावून व उष्णता देऊन तपकिरी, हिरवट अशा छटा आणाव्या लागतात. सांगाडे बांधणें, ओतशाळेवर देखरेख ठेवणें व या छटा चढविणें हें काम बहुतांशीं दिएगो करी. आल्बेर्तोच्या मूर्तींवर सही आल्बेर्तोची आहे. परंतु त्यांच्या अंगावरील रंगांत धाकट्या भावाचा हात आहे.

कांहीं प्रसिद्ध मूर्ति

"नगरांतील चौक" (१९४८) या लहानशा शिल्पांत एका सपाट पाटावर चार पुरुष चालत आहेत व एक स्त्री स्थिर उभी आहे. सर्व जण एकाच चौकांत आहेत, परंतु कोणाचीच वाट दुसऱ्याच्या वाटेला मिळत नाहीं. मोठ्या शहराच्या स्टेशनावर ज्यानें गर्दींत एकटेपणा अनुभविला आहे, त्याला हें शिल्प समजावून सांगावें लागणार नाहीं.

"रथ" (१९५०) या मूर्तींत दोन उंच चाकांमधील आंसावर एक सडपातळ स्त्री तोल सांभाळून उभी आहे. इस्पितळांतील औषधांचा किणकिणणारा गाडा तो हाच. ही मूर्ति पाहतांना महाराष्ट्रांतील वाचकास दुसऱ्या एका रथाची आठवण होईल. अहमदनगर जिल्ह्यांत (हल्लींचें नांव अहिल्यानगर) प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं चार प्राचीन ओतीव शिल्पें सांपडलीं: गेंडा, हत्ती, रेडा, आणि बैलांची जोडी जुंपलेला रथ. त्या रथावरही एक कृश पुरुष ताठ उभा आहे. दोन रथांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. दायमाबादचा रथ सांपडला तेव्हां जाकोमेत्तीला मरून आठ वर्षें झालीं होतीं. तरी हजारों वर्षांचें व हजारों मैलांचें अंतर असतांही, चाकावर तोल धरून उभा असलेला मनुष्य दोघां कारागिरांना सारखाच मोलाचा वाटला, ही गोष्ट मनास आनंद देते.

"कुत्रा" (१९५१) हा मान खालीं घालून, पाठ वांकवून, रस्त्यानें वास घेत चालला आहे. एके दिवशीं रस्त्यानें जातांना आपण स्वतः तसेच आहोंत असें आपणांस वाटलें, असें जाकोमेत्तीनें या मूर्तीबद्दल मित्रास सांगितलें होतें. १९५६ सालीं व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनाकरितां त्यानें उभ्या स्त्रियांच्या मूर्तींची एक मालिका केली. "व्हेनिसच्या स्त्रिया" या नांवानें ती प्रसिद्ध आहे.

न्यूयॉर्कमधील एका मोठ्या बँकेनें आपल्या इमारतीपुढील चौकासाठीं त्याच्याकडून मूर्ति मागविल्या. त्यासाठीं त्यानें मोठाल्या मूर्ति केल्या, पण मनास येईनात म्हणून तें काम सोडून दिलें. याच खटपटींतून १९६० सालीं "चालणारा मनुष्य" ही सुमारें १८३ सेंटिमीटर उंच मूर्ति निर्माण झाली. अंग पुढें झुकलें आहे, पावलें जड आहेत, मागील टांच उचलली आहे. तो कोठून आला व कोठें चालला हें समजत नाहीं. चालला आहे एवढें निश्चित. ज्याचें स्वतःचें पाऊल मोडलें होतें, त्याच्या हातून हा चालणारा घडला.

मूर्तींचा अर्थ

महायुद्धानंतरच्या यूरोपांतील होरपळलेल्या मनुष्याचें चित्र या मूर्तींत आहे, असें पुष्कळ टीकाकारांनीं म्हटलें, व तो अर्थ त्यांतून निघतो हें खरें. पण जाकोमेत्तीचें स्वतःचें सांगणें याहून साधें होतें: मला जसें दिसतें तसें करावयाचें आहे, आणि तें मला साधत नाहीं. अशा मूर्ति पाहावयाच्या कशा? प्रथम दूर उभे राहावें. दुरून ती आकृति एखाद्या सडकेच्या टोकाशीं दिसणाऱ्या माणसासारखी ओळखूं येते. मग सावकाश जवळ जावें. जवळ गेल्यावर अंगाचा आकार मोडूं लागतो, खांचखळगे दिसूं लागतात, आणि तरीही डोळ्यांची नजर आपल्यावर खिळलेली राहते. मृत मस्तक व जिवंत मस्तक यांत भेद नजरेचा, असें त्याला वाटे. म्हणून त्याचे सर्व श्रम डोळ्यांपाशीं येऊन थांबत. जपानी प्राध्यापक इसाकु यानाइहारा हे १९५६ सालीं पॅरिस सोडून मायदेशीं निघाले होते. जाकोमेत्तीनें त्यांना चित्रासाठीं बसविलें आणि त्यांचें जाणें पुन्हां पुन्हां लांबणीवर पडलें. त्यानंतर १९६१ पर्यंत ते अनेक वेळां केवळ त्याच्यापुढें बसण्यासाठीं पॅरिसला आले. एका चेहऱ्याकडे इतका वेळ पाहणारा मनुष्य त्यांनाही दुसरा भेटला नसेल.

अखेरचीं वर्षें

१९६२ सालीं व्हेनिसच्या प्रदर्शनांत त्याला शिल्पकलेचें सर्वश्रेष्ठ पारितोषिक मिळालें. १९६५ सालीं फ्रान्स सरकारनें राष्ट्रीय कलापारितोषिक देऊन व बेर्न विद्यापीठानें सन्माननीय पदवी देऊन त्याचा गौरव केला. तथापि त्याचें राहणें तेंच, खोली तीच, प्लॅस्टरच्या धुळीनें पांढरा झालेला कोटही तोच. १९६३ सालीं त्याच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. १९६४ च्या जानेवारींत त्याची वृद्ध आई निवर्तली. ११ जानेवारी १९६६ रोजीं स्वित्झर्लंडमधील कूर येथील इस्पितळांत त्याचा अंत झाला, आणि बोर्गोनोवोच्या दफनभूमींत त्याला मूठमाती देण्यांत आली.

त्याचा चरित्रकार जेम्स लॉर्ड पुढील हकीकत सांगतो. भावाच्या मृत्यूनंतर दिएगो तांतडीनें पॅरिसच्या खोलींत आला. तेथें आल्बेर्तोचें अखेरचें काम, एली लोतार नांवाच्या छायाचित्रकाराचा मातीचा अर्धपुतळा, ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवलेला होता. हिवाळ्याच्या कडाक्यानें फडकीं गोठून गेलीं होतीं. दिएगोनें शेगडी पेटविली, बर्फ हळूहळू विरघळूं दिलें, माती न दुखवितां फडकीं सोडविलीं, आणि तो अर्धपुतळा कांशांत ओतवून घेतला. ज्यानें तेराव्या वर्षींच्या भावासाठीं पहिला नमुना म्हणून बसावयाचें पत्करलें, त्यानेंच त्याची शेवटची मूर्ति वांचविली.

पुढें १९९८ सालीं स्वित्झर्लंडच्या १०० फ्रँकच्या नोटेवर जाकोमेत्तीचें चित्र व त्याचा "चालणारा मनुष्य" छापला गेला. ती नोट २०२१ पर्यंत चलनांत होती. त्याच मूर्तीची एक प्रत २०१० सालीं लंडन येथील लिलांवांत साडेसहा कोटी पौंडांस विकली गेली, व "बोट दाखविणारा मनुष्य" याची प्रत २०१५ सालीं न्यूयॉर्क येथें १४ कोटी डॉलरांहून अधिक किंमतीस गेली. हे आंकडे ऐकून आपण थक्क होतों. पण त्यांवरून त्या मूर्तींची योग्यता ठरवूं नये. ज्या वर्षीं त्याचें सर्व धन काड्यापेट्यांत मावत होतें, त्या वर्षींही त्याची निष्ठा एवढीच मोठी होती.

विद्यार्थी मित्रहो, या चरित्रापासून आपण काय घ्यावें? प्रत्येकानें शिल्पकार व्हावें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु आपणांस एखादी गोष्ट ठाऊक आहे असें आपण म्हणतों, ती आपण खरोखर कधीं पाहिली आहे काय, हा प्रश्न गणित करणाऱ्या, निबंध लिहिणाऱ्या, झाडाचें पान हातांत घेऊन बसणाऱ्या प्रत्येक मुलास उपयोगी आहे. आणि पालकांसही त्या नासपतीच्या फळांची गोष्ट सांगावीशी वाटते. मुलाच्या कागदावर फळें लहान उमटलीं म्हणून वडील त्याच्यावर चिडले असते व त्याच्या हातांतली पेन्सिल त्यांनीं काढून घेतली असती, तर इतिहासाला त्या वडिलांचा दोषही दिसला नसता. त्यांनीं मुलाला सुधारण्याचा यत्न केला, मुलाला तें पटलें नाहीं, आणि तरीही चित्रशाळेचें दार त्यांनीं त्याच्यासाठीं उघडेंच ठेविलें.